राज्य त्याच्यावरही येऊ दे

अगं, तुझा तक्ता पोचला. व्हॉट्सॲपवर आडवा आला होता, शेजारच्या पोराकडून सरळ करून घेतला आणि चष्मा लावून सगळा वाचला. सकाळी दहाला मणी ओवणे, साडेदहाला चेंडू, अकराला रंगओळख आणि दुपारी चार ते साडेचार 'मुक्त खेळ'. मुक्त खेळालासुद्धा घड्याळ लावलेलं बघून हसू आलं. रागावू नकोस. मी ३१ वर्षं दिव्यांग मुलांना शिकवण्यात काढली. त्यातली निम्मी वर्षं मीही असेच तक्ते करायची, तुझ्याहून सुबक, लाल शाईच्या रेघांचे.

पण जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात भेटलेल्या तुम्ही आया आता दर रविवारी मुलांना घेऊन देवळाच्या सभामंडपात जमणार, हे वाचून बरं वाटलं. तुझे चिरंजीव सीपीचे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचे, एकीची मुलगी जन्मापासून न दिसणारी, एकीचा मुलगा कर्णबधिर, एकीचा स्वमग्न, आणि आता डाउन सिंड्रोमची एक छोटी येणार म्हणतेस. 'मावशी, यादी दे, कुणाला काय खेळवायचं,' असं तू लिहिलंस. यादी मी देत नाही. जे हाताला लागलं ते सांगते, आठवेल तसं.

आधी एक शब्द. गल्लीत डाव मांडला की कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागायचा, आठवतं? त्याला आपण लिंबूटिंबू म्हणायचो. तो डावात असायचा, सगळ्यांबरोबर पळायचा, ओरडायचा, पण त्याच्यावर राज्य नसायचं आणि तो आउटही व्हायचा नाही. रडू नये म्हणून घेतलेला. रीत मायेची आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण धाकटा भाऊ वर्ष-दोन वर्षांत उंच होतो आणि एका संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, 'आता हा पक्का भिडू.' आपल्या मुलांच्या वाट्याला ती संध्याकाळच येत नाही. पंधरा वर्षांचे लिंबूटिंबू मी पाहिलेत. तिशीतलेही पाहिलेत, लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलेले, हातात सगळ्यांआधी आइस्क्रीम दिलेले.

फिरती शिक्षिका म्हणून एसटीने शाळा-शाळा हिंडायची, तेव्हाची गोष्ट. एका वाडीवर पायाला कॅलिपर असलेला तिसरीतला मुलगा होता. गुरुजी चांगले, मुलं चांगली. त्याला सगळ्यांनी मिळून अंपायर केलं होतं. लगोरीला अंपायर, कबड्डीला गुण लिहायला, शर्यतीला शिट्टी वाजवायला. कायमचा अंपायर हा लिंबूटिंबूचाच थोरला भाऊ. मी माझ्या हुशारीने त्याच्यासाठी नियम काढला: त्याने जवळून चेंडू मारायचा, बस्स. पोरांनी दोन मिनिटांत मोडीत काढला. 'बाई, तसं नको, मजा येत नाही.' मग त्यांनीच ठरवलं. लगोरीभोवती खडूने रिंगण काढायचं, हा रिंगणात बसणार, त्याच्या बाजूने लगोरी रचायची ती त्यानेच. त्याच्या गड्यांनी पळून चेंडू दुसरीकडे ओढायचा. पण रिंगणात चेंडू लागला तर तोही आउट.

चार दिवसांनी त्याची आई शाळेत आली. पोराच्या पाठीवर चेंडूचा वळ. मी म्हटलं, 'वहिनी, त्याला नेम धरून मारावं असं आज पहिल्यांदा कुणाला तरी वाटलं.' त्या माउलीला ते लगेच पटलं नाही, आणि खरं सांगते, बोलून गेल्यावर माझ्याही पोटात गोळा आला. पण वर्गात वजाबाकीला रडणारा तो मुलगा महिनाभरात लगोरीकडे नुसती नजर टाकून सांगायला लागला, चार रचल्या, तीन राहिल्या. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं. चेंडू लागण्याआधी किती रचायच्यात हे कळणं त्याच्या गरजेचं होतं, म्हणून ते आलं. नियम हवे तेवढे वाकवा. मात्र राज्य त्याच्यावरही येऊ दे, आणि आउट झाला तर खरा आउट होऊ दे.

तुझ्या तक्त्याशी माझं भांडण इथेच आहे. फिजिओने दिलेले व्यायाम करायचेच, त्यात कुचराई नको. पण व्यायाम तो व्यायाम, खेळ तो खेळ. कडू औषध गुळात लपवून रोज दिलं तर पोर औषध शिकत नाही, गूळ खाणं सोडतं. 'चल आपण गंमत करू' म्हणून दरवेळी हातच ताणायला घेतलास तर 'गंमत' ऐकताच तो आखडेल. खेळ आहे की नाही हे ओळखायची माझी खूण साधी: त्याला 'पुरे' म्हणता येतं का? बोलता न येणारं मूल तोंड फिरवतं, अंग मागे टाकतं, डोळे मिटतं. तेच त्याचं 'पुरे'. ते ऐकलं गेलं तर तो खेळ, नाहीतर तास.

आता तुझ्या लेकाच्या हातांबद्दल. सगळे हाताकडे बघतात, मी आधी बुडाकडे बघते. तू स्वतः उंच कट्ट्यावर बस, पाय अधांतरी सोड आणि सुईत दोरा ओवून बघ. बूड आणि तळवे टेकलेले नसले की सगळी ताकद पडू नये यातच जाते, हात मोकळा होणार कधी? दोन भिंतींचा कोपरा ही घरातली फुकटची खुर्ची. पाठ कोपऱ्यात, दोन बाजूंना उशा, पुढ्यात विटांवर पाट, त्याच्या कोपराच्या उंचीला येईल असा. खुर्चीवर बसवलास आणि पाय लोंबत असले तर तळव्यांखाली पाट सरकव. मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर चढत असतील तर लोडावर घोड्यासारखा बसव, दोन्हीकडे पाय टाकून, तू मागे. टाचा दोन बाजूंना फेकून इंग्रजी डब्ल्यूसारखं बसायची खोड लागली असेल तर हळूहळू मोड. आणि बसणं जमत नाही त्या दिवशी कुशीवर निजव. पाठीवर निजलेल्या सीपीच्या मुलाचे हात दोन दिशांना जातात, कुशीवर ते आपसूक छातीसमोर एकत्र येतात. तिथे खुळखुळा ठेव. स्टीलच्या डबीत मूठभर तूरडाळ, झाकणाला चिकटपट्टी, झाला खुळखुळा. या बैठका एकदा फिजिओला दाखवून घे, कारण सीपी हे एकच नाव असलं तरी दोन मुलं सारखी नसतात.

बारीकसारीक: ताटलीखाली ओलं फडकं घातलं की ती सरकत नाही. खडूला किंवा चमच्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की तो त्याच्या मुठीत बसतो. मूठ आवळली गेली तर ओढून उघडू नकोस, जेवढ्या झटक्याने ओढशील तेवढी ती घट्ट मिटेल. मनगट हळूच आतल्या बाजूला वाकव, बोटं सैल पडतात. मागून कुणी टाळी वाजवली, कुकरची शिट्टी झाली, की अशी मुलं दचकून सबंध अंगाने ताठ होतात आणि हातातलं पडतं. त्यावर 'अरे, पाडलंस!' म्हणू नका. त्याने पाडलेलं नसतं.

आणि थांबायला शिक. हे सगळ्यात अवघड, मला बारा वर्षं लागली. काही विचारलंस, काही पुढे केलंस, की ओठ मिटून मनात दहापर्यंत मोज. डोक्यातून निघालेला निरोप हातापर्यंत पोचायला त्याच्या वाटेत खड्डे आहेत. तू मध्येच दुसऱ्यांदा विचारलंस की पहिला निरोप अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो.

माझी चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला, ज्या मुलांच्या बुद्धीची वाढ हळू असते त्यांच्या शाळेत होते. एका मुलीला मी वर्षभर मणी ओवायला शिकवत होते. तिचा हात माझ्या हातात धरून, मणी उचल, दोरा घाल, शाबास. अहवालात लिहायची, 'मदतीने ओवते.' एकदा मी तापाने दोन दिवस घरी. परत आले तर आमच्या झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, 'बाई, हिनं काल शेंगदाण्यातले खडे वेचले, वाटीभर.' त्यांनी आपलं सहज तिच्यापुढे सूप ठेवलेलं आणि त्या केर काढत राहिल्या. कुणी बघत नव्हतं, कुणी हात धरत नव्हतं, पोरीने दोन बोटांच्या चिमटीत खडा धरला. वर्षभर तिच्या वाटेत कोण उभं होतं? मी. शाबासकीसाठी हात पुढे करायचा असतो एवढंच ती माझ्याकडून शिकली होती.

खडे वेचण्यावरून आठवलं. ऑनलाइन मागवलेल्या खेळण्यांचा फोटो पाठवलास, त्यावर ठसठशीत अक्षरांत मॉन्टेसरी लिहिलंय आणि किंमत वाचून मला घाम फुटला. तुला ठाऊक आहे का, ही मॉन्टेसरीबाई मुळात कुणाच्या मुलांपासून शिकली? आपल्याच. १९०० च्या सुमाराला रोममध्ये, ज्यांना तेव्हा मंदबुद्धी म्हणून वेड्यांच्या इस्पितळात ठेवत, अशा मुलांमध्ये ही तरुण डॉक्टरीण काम करत होती. असं सांगतात की जेवणानंतर ती मुलं जमिनीवर सांडलेला पावाचा चुरा चिवडत बसायची. सांभाळणारी बाई म्हणे, 'बघा कशी अधाशी.' मॉन्टेसरीबाईंना दिसलं ते वेगळं: त्या उघड्या-बोडक्या खोलीत हातात धरायला दुसरी वस्तूच नाही. मग इतार आणि सेग्वँ या दोन फ्रेंच डॉक्टरांचं काम तिने धुंडाळलं, मुलांना हाताळायला वस्तू दिल्या, आणि १९०७ साली रोमच्याच सान लोरेंझो वस्तीत धडधाकट मुलांसाठी बालगृह काढलं. ते ठोकळे, ते मनोरे, ती खाचेत बसणारी लाकडं आज महागड्या शाळा मिरवतात. ज्यांना त्यातल्या बऱ्याच शाळा दारातूनच परत पाठवतात, त्या मुलांपासून ती विद्या निघालेली आहे. कुणी प्रवेश नाकारला तर हे ऐकवायला विसरू नकोस.

ती विद्या भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी आपल्या मातीत रुजवली. ताराबाई १९४५ साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुलांसाठी महागडं साहित्य आणणार कुठून? शंख-शिंपले, बिया, पानं, काटक्या, माती. आम्ही शिक्षिका झालो तेव्हा हेच आमचं भांडवल. तुझ्या घरात कणकेचा गोळा आहे ना? तो सगळ्यात चांगला. दाबला तर दबतो, चुकलं तर पुन्हा गोळा होतो, तोंडात गेला तर फार बिघडत नाही. मटार सोलणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, पोळ्या मोजणं, कपडे वाळत घालताना चिमटे देणं, हे सगळं जमा धर. ऑनलाइनचं पार्सल माळ्यावर टाक.

सासूबाई सावंतवाडीहून पांगुळगाडा मागवू का विचारतायत. आजऱ्यावरून आंबोली उतरलं की सावंतवाडी, माझी लहानपणची सगळी भातुकली तिथल्या चितारआळीची. पण पांगुळगाडा फिजिओला विचारल्याशिवाय नको. टाचा न टेकणारं मूल त्यात चवड्यांवरच धावायला शिकतं. त्याऐवजी लाकडी फळं आणायला सांग. तुझ्या लेकाला चालतील, त्याला दिसतं. त्या न दिसणाऱ्या मुलीला मात्र देऊ नका. लाकडी आंबा आणि लाकडी पेरू दोन्ही गुळगुळीत, दोन्हींना रंगाचा वास. तिला खरा आंबा द्या, देठाच्या चिकासकट. तिच्या भातुकलीत खरी वाटी, खरं पाणी, खरे चार तांदूळ. आणि काही दाखवायचं असेल तर तिचा हात धरून वस्तूवर आपटू नका. आपला हात खाली ठेवा, तिचा वर येऊ द्या. मग तिला हवा तेव्हा काढून घेता येतो. 'इकडे ये' म्हणून तिला काही कळत नाही. 'डावीकडे दोन पावलं, मग खांब' असं सांगा. चेंडू खेळायचा तर रबरी चेंडू कॅरीबॅगेत घालून गाठ मारा, सरपटताना खसखसतो. अंधांच्या क्रिकेटची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ साली दिल्लीला झाली. त्यांच्या चेंडूत छर्रे वाजतात, चेंडू हात खालून फिरवून टाकतात, आणि टाकण्याआधी गोलंदाज फलंदाजाला 'तयार?' असं विचारतो. एवढा एक नियम सगळ्या घरांनी घेतला तर बरं होईल.

कर्णबधिर मुलाशी खेळताना उजेड तुमच्या तोंडावर हवा. खिडकीकडे पाठ करून बसलात तर तुमचा चेहरा त्याला काळा दिसतो. बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटा, त्याला तळव्यातून कळतं. संगीत खुर्ची खेळा, पण ढोलकीबरोबर रुमालही हलवा, रुमाल खाली की बसायचं. सगळ्यांनाच रुमालाकडे बघावं लागतं, मग तो एकटा वेगळा राहत नाही. आमच्या तरुणपणी 'हात खाली, ओठांनी बोल' असा दंडक होता. हातवारे केले की पोरांना दटावायचो. वाईट केलं. मूल खुणेने काही सांगतंय आणि आपण हात धरतोय, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्यासारखंच. आता भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ पासून आहे, व्हिडिओसकट. तुम्ही सगळ्या मिळून रोज पाच खुणा शिका. 'राज्य', 'आउट', 'माझी पाळी', 'तू फसवतोस' इथून सुरुवात करा, 'पाणी' आणि 'शू' तो शिकवेल.

स्वमग्न मुलाच्या आईला एवढंच सांग: तो गाडी चालवत नाही, नुसतं चाक फिरवतो, म्हणून गाडी काढून घेऊ नको. शेजारी बस, समोर नाही. दुसरी गाडी घे आणि तूही चाक फिरव. बोलू नको, 'माझ्याकडे बघ' तर मुळीच नको. असे दोन-तीन रविवार जातील. मग एकदा तुझं चाक मध्येच थांबव. तो कधीतरी हात लांब करून ते फिरवेल. तिथून डाव सुरू झाला, आणि तो त्याने मांडलेला आहे. सभामंडपाच्या तुळईला झोका टांगता येत असेल तर टांगा. दोन झोके द्या, तिसऱ्याला झोका धरून ठेवा आणि थांबा. आवाज, नजर, पायाची हालचाल, काहीही आलं की सोडा. बोलण्याची सुरुवात मी अशी झोक्यावर झालेली पाहिली आहे. संपवायच्या आधी सांगायचं: अजून तीन झोके. आणि तीन म्हणजे तीनच, त्याला चार दिले तरी तो बिथरतो, कारण मग तुमच्या शब्दावर भरवसा राहत नाही. देवळातली घंटा मात्र दोन तास बांधून ठेवा, गुरवाला विचारून.

डाउनच्या छोटीचे सांधे सैल असतील, अंगही मऊ. काही मुलांत मानेचा वरचा सांधाही सैल असतो, म्हणून डॉक्टरांनी मान तपासल्याशिवाय कोलांट्या नकोत. बाकी ती नक्कल करण्यात तुम्हा सगळ्यांना भारी पडेल. तिला कुठलंही काम शेवटाकडून शिकवा. भातुकलीत चहा करायचा तर पाणी, साखर, पावडर सगळं तुम्ही करा, कपात ओतायचं तिने. ते बसलं की गाळायचं आणि ओतायचं तिने. असं मागे मागे जायचं. पहिल्या पायरीपासून शिकवलं तर मूल दमून मध्येच सुटतं आणि चहा आपण पितो. शेवटापासून शिकवलं की प्रत्येक वेळी कप तिच्या हातात असतो.

जपायच्या गोष्टी लहान आहेत, पण जिवावरच्या. तोंडात घालायची सवय असलेल्या मुलासमोर चिंचोके, गोट्या, फुटलेल्या फुग्याचे तुकडे नकोत. जुन्या खेळांच्या डबीत गुंजा आणि एरंडाच्या बिया असतात त्या आजच काढून टाक, चावल्या तर विष आहेत. गाणाऱ्या खेळण्यातला आणि श्रवणयंत्रातला बटणासारखा सेल पोटात गेला तर वाट बघायची नाही, तडक इस्पितळ. रंगपंचमीला यंत्र काढून ठेवायचं, पावसाळ्यात रात्री दमट न होणाऱ्या डबीत. फिट येणाऱ्या मुलाला टबात पाणी खेळताना क्षणभरही एकटं सोडायचं नाही, दाराची बेल वाजली तरी.

कागदांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, तुमची सगळी मुलं त्यात बसतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा. सीपी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. अंगणवाडीतल्या ताईंना विचारा, दिव्यांग मुलांसाठीची केंद्राची कार्यपद्धती २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आली आहे, त्यांचं प्रशिक्षण झालंय का. झालं नसेल तर तुमच्या रविवारी त्यांना बोलवा, चहावर.

घरातलं एक. थोरल्या मुलीला भावाची बाई करू नकोस. तिने त्याच्याशी भांडावं, त्याचा खडू पळवावा, त्याने तिला चावावं. 'जाऊ दे, तो तसा आहे ना' हे वाक्य तुझ्या घरात फार ऐकू येतं, मागच्या दिवाळीत मी मोजलं होतं. आणि सासूबाईंचा 'बिचारा' बंद कर. हाक मारायला त्याला नाव आहे, बारशाला मीच कानात सांगितलं होतं.

राहिला तुझा प्रश्न, सगळ्यांना एकत्र काय खेळवू. चल्लस-आठ. फरशीवर पाच बाय पाच घरं आखा, रेघांवर सुतळी चिकटवा म्हणजे बोटांना कळतात. सोंगट्या वेगवेगळ्या: एकाचं बाटलीचं बूच, एकीची सुपारी, एकाची काडेपेटी. कवड्या चार. तुझा लेक त्या वाटीतून पालथ्या करेल, मुठीत धरायची गरज नाही. न दिसणारी मुलगी बोटांनी सांगेल किती उताण्या पडल्या, चीर वर की पाठ वर ते तिला सगळ्यांआधी कळेल, म्हणून दान तिनेच वाचायचं. ऐकू न येणारा ते दान बोटांनी सगळ्यांना दाखवेल. स्वमग्न गडी बहुतेक घरांचा हिशोब कुणाला चुकू देणार नाही. छोटी सोंगटी शेवटच्या घरात नेऊन ठेवेल. आणि सोंगटी मारली गेली तर ज्याची त्याची परत घरात. सूट कुणालाच नाही, रडलं तरी नाही. एखादा दान खोटं सांगेल, दोनाचे चार करेल. त्या दिवशी मला लगेच फोन कर. दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखल्याशिवाय फसवता येत नाही, आणि ते शिकवायचा तक्ता मला ३१ वर्षांत करता आला नाही.

या रविवारी मी येते. दुपारच्या एसटीने निघाले की तीनपर्यंत पोचेन. कवड्या माझ्या आणते, आईच्या वेळच्या आहेत, तुमच्या प्लॅस्टिकच्या नकोत. डावाआधी थोडा लपंडाव होऊ दे आणि पहिलं राज्य माझ्यावर. गुडघ्यांमुळे मला पळता येत नाही, तेव्हा नियम काय बदलायचा ते पोरांनाच ठरवू दे.